वेशीबाहेर न गेलेली बाटली

निजाम गेला, हैदराबादचं लोकराज्य आलं, मग मुंबई राज्य, मग महाराष्ट्र. पंधरा वर्षांच्या आत परंड्याच्या वेशीनं चार सरकारं पाहिली. मामलेदार बदलले, पाट्या बदलल्या, उर्दूतले कागद मराठीत झाले. शिवगंगेच्या पोटातली कळ तेवढी कुठल्याच सरकारात बदली होऊन गेली नाही.

शिवगंगा म्हणजे किल्ल्याच्या खंदकाकडच्या गल्लीतली सुईण. लिंगायताची विधवा, वय चोपन्न, अंगानं काडी, डोळ्यांखाली कायमची काजळी. तिची एक खोड सगळ्या गावाला ठाऊक होती. ती बसल्या जागी झोपायची. बाळंतीण कळा देत असली, की दोन कळांच्या मधे भिंतीला टेकून डुलकी काढायची आणि पुढची कळ यायच्या क्षणभर आधी डोळे उघडायची. शेजारची हमिदाबी म्हणायची, "अक्काच्या डोक्यात निजामानं घड्याळ बसवलंय. चावी कोन देतं, अल्लाला मालूम."

गावातलं निम्मं तरणं माणूस तिच्या हातून जगात आलेलं. बाळ ज्याचं त्याचं, पण वार मात्र तिची. बाळाच्या मागून वार पडली, की ती कुणाला हात लावू द्यायची नाही. छोट्या मडक्यात घालायची, वर मूठभर मीठ, लिंबाचा पाला, हळदीकुंकू, झाकण. आणि त्याच घराच्या परसात हातभर खोल पुरायची. कुणाची वार कुठं आहे हे तिला इतकं पाठ होतं, की तलाठ्यालाही बांध तेवढे पाठ नसतील. पंचायतीत फार बोलणाऱ्या एका सावकाराच्या पोराला तिनं भर चावडीत गप्प केलं होतं. "तुझी वार उकिरड्याच्या कडंला हाय, आन् ती म्याच पुरलीय. जरा हळू."

ह्या कामात तिचा एकच कायदा होता, सासूनं शिकवलेला. गर्भाच्या पिशवीतून पडलेलं वेशीबाहेर जाऊ द्यायचं नाही. गेलं तर बाई सुकते. माहेरची माणसं हौसेनं वार आपल्या गावी न्यायला निघाली, तर शिवगंगा दारात आडवी बसायची. लिंगायतांत माणसंही पुरतातच. तेव्हा जमिनीच्या पोटात घातलेलं नीट राहतं, यावर तिचा माणसांपेक्षा जास्त विश्वास.

आता गंमत बघा. चारशेवर वारा पुरणाऱ्या ह्या बाईच्या स्वतःच्या परसात एकही नव्हती.

बाराव्या वर्षी लग्न, पंधराव्या वर्षी न्हाण, आणि त्याच महिन्यापासून कळ. साधी नव्हे. पोटात कुणी विळा घेऊन कडबा तोडायला बसल्यासारखी. तीन दिवस ती गरम वीट फडक्यात गुंडाळून पोटाशी धरायची, ओठ चावायची, चौथ्या दिवशी उठून दळायला बसायची. सासू म्हणायची, "समद्याच बाया बसत्यात. तुझंच काय सोन्याचं हाय? नकरं नुस्तं." नवऱ्यानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि पुढं पटकीत गेला. मूल काही झालं नाही. मग सासूनंच एक दिवस डोईवरचा पदर खोचला नि म्हणाली, "पोर न्हाय, तर हात मोकळं हायत. चल माझ्यासंगं." अशी ती सुईण झाली. दुसरीच्या कळा मोजायच्या आणि आपल्या गिळायच्या, असं तीस वर्षं चाललं.

अठ्ठेचाळिसाव्या वर्षी पाळी बंद झाली, तेव्हा तिनं हमिदाबीला बोलावून शेंगापोळी खाऊ घातली, वर तूप.

"कोनत्या सणाची गे ही?" हमिदाबीनं विचारलं.

"सुटल्याची," शिवगंगा म्हणाली.

सहा वर्षं खरंच सुटल्यासारखी गेली. कळ अधूनमधून उजव्या कुशीत जागी व्हायची, पण म्हाताऱ्या कुत्र्यासारखी. गुरगुरायची नि परत निजायची. त्रेसष्ट सालच्या चैत्रात ती येरमाळ्याला येडेश्वरीच्या यात्रेला जाऊन आली आणि दुसऱ्या दिवशी लुगड्याला डाग दिसला. एसटीनं हाडं खिळखिळी केली, असं तिनं ठरवलं. वैशाखात पुन्हा. मग उन्हाळी लागली असं ठरवलं. धन्याजिऱ्याचं पाणी झालं, उंबराच्या सालीचा काढा झाला. दुसऱ्या बाईला तिनं असलं काही चार दिवसांवर चालू दिलं नसतं. स्वतःला तीन महिने दिले.

विहिरीवरच्या बायकांना असल्या गोष्टी धुण्यावरून कळतात.

"अक्का, पाळना बांधायचा का काय आता?" एकीनं खडा टाकला.

"बांध की," शिवगंगा पिळा देत म्हणाली. "पन झोका मीच घेनार. लई दमलेय."

बायका हसल्या. ती खोटं बोलत नव्हती. त्या दिवसांत तिला घागर उचलताना मधेच ठेवावी लागायची.

सरकारी दवाखान्यात तेव्हा चंद्रप्रभाबाई नावाच्या डॉक्टरीणबाई होत्या. पुण्याकडच्या, एकट्या, जाड भिंगांचा चष्मा. आल्या तेव्हा त्यांचं नि शिवगंगेचं कडाक्याचं वाजलं होतं, नाळ कापायच्या विळ्यावरून. शेवटी बाईंनी तिला पत्र्याची पेटी दिली, आत साबण, पाती, दोरा. शिवगंगेनं विळा सोडला, पण वारेचा कायदा सोडला नाही. तेव्हापासून दोघी एकमेकींचा मान राखून होत्या, म्हणजे एकमेकींना जरा भिऊन होत्या.

आषाढात एक अडलेली बाई शिवगंगेनंच दवाखान्यात आणली. दोघींनी मिळून सोडवली. दुपार झाली. बाई हात धूत होत्या, शिवगंगा भिंतीला टेकली होती. ती उठली तेव्हा मागं फरशीवर ओला डाग राहिला.

"हे कधीपासून?" बाईंनी विचारलं.

"बाळंतिणीचं असंल."

"बाळंतीण तिकडे खाटेवर आहे."

शिवगंगा पदराच्या टोकानं फरशी पुसू लागली.

"शिवगंगाबाई, दुसऱ्या कुणाला असं झालं असतं, तर तुम्ही काय सांगितलं असतं?"

"डॉक्टरीनबाईकडं जा म्हनले असते."

"मग?"

"मला कोन म्हननार?"

बाईंनी हात पुसले. "मी म्हणते. पाळी जाऊन सहा वर्षं झाल्यावर एक थेंब जरी दिसला, तरी तो कुठून आला ते बघावंच लागतं. कॅन्सर असू शकतो. नसूही शकतो. पिशवी आतून खरवडून ते सोलापूरला तपासायला पाठवायचं. तिकडून उत्तर आल्याशिवाय मला पुढचं पाऊल टाकता येत नाही. आणि असलाच, तर पिशवी लवकर काढली तर माणूस वाचतं. उशीर झाला तर नाही."

एवढं सरळ तिला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. तिनं मान हलवली.

आठवड्यानं खरवडणं झालं. कंपाउंडर चाँदपाशानं बुचाच्या बाटलीत ते घातलं, वर उग्र वासाचं औषधी पाणी ओतलं, बुचावर मेण लावलं आणि चिठ्ठी चिकटवली. ही बाटली पेशंटच्या माणसानं सोलापूरला पोचवायची, अशी पद्धत. शिवगंगेचा माणूस म्हणजे पुतण्या माणिकप्पा. त्याचा पानाचा धंदा. दर गुरुवारी तो एसटीनं कुर्डुवाडीला जायचा, स्टेशनावर पानाच्या करंड्या उतरवून घ्यायचा. तो पुढं सोलापूरला जाईल असं ठरलं.

"चिठ्ठीवर काय लिवलंय, पाशाभाई?" तिनं विचारलं.

"तुमचंच नाव. शिवगंगा, चोपन्न, परंडा."

बाटली पदराखाली घेऊन ती घरी आली. उंबऱ्यावर बसून उजेडात धरली. पाण्यात तळाशी पांढुरके, भुसभुशीत तुकडे होते, गव्हाच्या चिकाला गुठळ्या व्हाव्यात तसे. वर तिचं नाव. चारशे बायकांच्या पिशवीतून पडलेलं तिनं हातात धरलं होतं, आपल्या पिशवीतलं पहिल्यांदाच. आणि ते माणिकप्पा पानाच्या करंडीशेजारी ठेवून, वेस ओलांडून, आगगाडीत घालून परक्या गावाला नेणार. तिथं कुणीतरी त्याचे काप करणार. मग टाकून देणार, कुठं ते कोण सांगणार?

ती मग उठली, कोनाड्यातलं एक कोरं मडकं घेतलं.

बुचाला हात लावायचा तिला धीर झाला नाही. चाँदपाशानं सांगितलं होतं, ते पाणी डोळ्यांना झोंबतं. म्हणून बाटलीसकटच मडक्यात ठेवली. मीठ, लिंबाचा पाला, हळदीकुंकू. परसातल्या शेवग्याखाली हातभर खोल खड्डा केला. खोदता खोदता दोनदा बसावं लागलं. वर माती लोटली, चपटा दगड ठेवला, आणि त्या रात्री ती कधी नव्हे ती आडवी होऊन झोपली.

"दिली का बाटली?" शुक्रवारी बाईंनी विचारलं.

"दिली की. मानिकप्पाकडं."

एक आठवडा गेला, दुसरा गेला, तिसरा लागला. तिचं अंगावरून जाणं थांबलं नव्हतं. आता लुगड्याची घडी दुहेरी करावी लागत होती. बाईंनी सोलापूरला पत्र टाकलं. उलट टपाली उत्तर आलं, ह्या नावाची बाटली आमच्याकडे पोचलेलीच नाही.

माणिकप्पाला बोलावणं गेलं. तो आला तोच तोंडात विडा, तो दवाखान्याच्या दारात थुंकावा की गिळावा ह्या पेचात. आत शिवगंगा बाकावर बसलेली होती.

"बाटलीचं काय केलंत?" बाईंनी विचारलं.

"कंची बाटली?" माणिकप्पा म्हणाला.

"तुमच्या काकूंनी दिलेली. सोलापूरला पोचवायची. त्यांच्या जिवाचा प्रश्न आहे तो."

माणिकप्पानं काकूकडं पाहिलं. काकू फरशीकडं बघत होती. तो काही फार हुशार गडी नव्हता. पानं मोजतानाही पंचवीस पंचवीसचा हिशेब चुकवायचा. पण त्यानं काकूचं तोंड वाचलं. विडा गिळला.

"व्हय बाई," तो म्हणाला. "माज्याकडनंच गेली. गाडीत ऱ्हायली."

बाईंनी त्याला जे सुनावलं, ते बाहेर रांगेतल्या पंचवीस माणसांनी ऐकलं आणि संध्याकाळच्या आत गावानं. पानाच्या टपरीवर लोक मुद्दाम येऊ लागले. "मानिकप्पा, एक पान दे, बाटलीतलं नको." कुणी म्हणालं दारू समजून प्याला. कुणी म्हणालं काकूच्या घरावर डोळा आहे. त्याची बायको माहेरी जायच्या गोष्टी बोलू लागली. माणिकप्पा चुना लावत बसायचा, वर बघायचा नाही. शिवगंगेच्या दारावरून मात्र रोज जायचा आणि रोज विचारायचा, "काकू, काय आनायचं हाय का?" ह्यानं ती जास्त खचायची. शिव्या दिल्या असत्या तर बरं.

गुपित फोडलं ते हमिदाबीच्या कोंबडीनं. ती तांबडी कोंबडी शेवग्याखाली उकरत बसायची. हमिदाबी तिला हुसकायला आली आणि दगड सरकलेला, खाली मातीत हळदकुंकवाचा रंग पाहून उभीच राहिली. आजूबाजूच्या सात घरांचा तिनं मनातल्या मनात हिशेब केला. मग शिवगंगेच्या दारात येऊन दोन्ही हात कमरेवर ठेवले.

"अक्का, खरं बोल. ह्या गल्लीत रमजानपासून कोन बाळंत न्हाय झालं. ही कुनाची वार?"

शिवगंगा भिंतीला टेकून बसली होती. डोळे मिटलेले, पण झोपेत नव्हती.

"माझी," ती म्हणाली.

"तौबा! कधी झालं? मला मिठाईबी न्हाय?" हमिदाबीनं सवयीनं टोमणा टाकला आणि टाकल्या टाकल्या तिला बाटली आठवली. ती मटकन समोर बसली. "हाय अल्ला. अगे येडे. आन् तो गरीब मानिकप्पा?"

"त्येच तर."

"वार हाय का ती? मर्ज हाय मर्ज, रोग! मर्ज कुनी हळदकुंकू लावून घरात ठेवतं? पाव्हना हाय का?"

"माझ्या पिशवीतनं दुसरं काय कधी आलंच न्हाय, बी." शिवगंगेचा आवाज साधाच होता, पाणी संपलंय असं सांगावं तसा. "हातात धरलं आन् वाटलं, ह्ये तरी वेशीत राहूं दे."

हमिदाबीच्या जिभेला हाड नाही असं सारी गल्ली म्हणते. त्या दिवशी ती इतका वेळ गप्प बसली, की कोंबडीसुद्धा उंबऱ्यापाशी येऊन बघून गेली. मग उठली, शिवगंगेच्या बगलेत हात घातला.

"चल. दवाखान्यात. मी बोलते, तू नुस्ती उभी ऱ्हा."

पण दवाखान्यात हमिदाबीचीच बोबडी वळली. बोलावं शिवगंगेलाच लागलं. तिनं सगळं सांगितलं, सासूच्या कायद्यासकट. माणिकप्पाचं निर्दोषपण आधी सांगितलं.

बाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. "बाटलीतून बाहेर काढलंत का ते?"

"न्हाय. बाटलीसकटच. बुचबी तसंच हाय."

डॉक्टरीणबाई हसल्या. दोन वर्षांत त्यांना हसताना चाँदपाशानंही पाहिलं नव्हतं. तो पुड्या बांधायचा थांबला.

"मग काही बिघडलेलं नाही. ते पाणी नासू देत नाही. जमिनीत असो की फळीवर. बिघडलाय तो महिना. तो काही परत मिळायचा नाही." त्यांनी खुर्ची ओढली. "बसा. मला एक सांगा, पाळी होती तेव्हा कसं असायचं?"

चाळीस वर्षांत हा प्रश्न तिला पहिल्यांदा कुणी विचारला. तिनं विळ्याचं सांगितलं, विटेचं सांगितलं, सासूचं सांगितलं. उजव्या कुशीवर हात ठेवून दाखवलं.

बाई म्हणाल्या, "पिशवीला आतून अस्तर असतं. दर महिन्याला ते नवं होतं, मूल राहिलं नाही तर गळून पडतं."

"ठावं हाय. पाव्हनं यायचं म्हनून घर सारवायचं, आले न्हाईत की सारवन खरवडायचं."

"तसंच. काही बायकांत हेच अस्तर पिशवीबाहेरही सापडतं. अंडाशयावर, आतड्यावर. ते तिथं कसं जातं ह्यावर मोठमोठे डॉक्टर अजून भांडतात. एक म्हणतात, पाळीचं थोडं रक्त उलटं वर पोटात सांडतं आणि त्यातल्या पेशी तिथं रुजतात. दुसरे म्हणतात, तिथलीच पेशी रूप बदलते."

"म्हंजे सारवताना शेन शेजारच्या भितीवर उडावं आन् तिथंच धरावं. न्हायतर शेजारनीनं बघून बघून आपलीबी भित तशीच सारवावी."

"हो," बाई म्हणाल्या, "पुस्तकापेक्षा बरं सांगितलंत. आणि दर महिन्याला इकडचं सारवण पडलं, की तिकडचंही पडतं. पण तिकडच्याला बाहेर जायला दार नाही."

"म्हनून विळा."

"म्हणून विळा. मूलही बहुतेक त्यामुळंच राहिलं नसावं. आत उघडून पाहिल्याशिवाय नक्की नाही सांगता येत."

हमिदाबी मधेच पुटपुटली, "आन् ती बुढ्ढी नकरं म्हनायची."

"मग आताचं ह्ये काय?" शिवगंगेनं विचारलं.

"ते अस्तर बारीक बारीक पेशींचं बनलेलं असतं. दिसत नाहीत इतक्या बारीक. वाढायचं कधी, थांबायचं कधी, हे प्रत्येकीला कळतं. एखादी थांबायचं विसरते. तिच्यापासून झालेल्या सगळ्या तशाच, विसरलेल्या. कॅन्सर म्हणजे तो गोतावळा."

"एकीपासनं समदा?"

"असं मानतात."

"आन् ती एक कुठली? घरच्या भितीवरची, का शेजारच्या?"

बाईंनी तिच्याकडं पाहिलं. "तेच मला सोलापूरला विचारायचंय, शिवगंगाबाई. ते पातळ काप करतात, रंगवतात, दुर्बिणीखाली बघतात. पेशी कशी आहे, कुणाच्या घरातली वाटते, किती बिघडलीय, ते तिथं कळतं."

"बग," शिवगंगा हमिदाबीला म्हणाली. "चारशे पोरांच्या वारा मला ठाव्या, आन् माझ्याच पोटातल्या एकीचं गाव ठावं न्हाय."

दुसऱ्या सकाळी तिनं स्वतः खड्डा उकरला. हमिदाबीनं कुदळ मागितली, ती दिली नाही. मडकं फुटलेलं होतं, बाटली शाबूत. चिठ्ठीवर कुंकू पसरून 'शिवगंगा' अर्धी लाल झाली होती. माणिकप्पा बाटली न्यायला आला होता. डोक्याला रुमाल, तोंड रिकामं.

"आन काकू. आता खरंच विसरत न्हाय."

"मी येनार," ती म्हणाली. "वेस मोडायची तर माझ्या पायानं मोडते."

वाटेत पानाच्या टपरीपाशी ती थांबली. तिथं चार रिकामटेकडे बसलेले होते. तिनं बाटली पदराआडून काढून उंच धरली.

"ही बगा. मानिकप्पानं हरवली न्हाय. म्याच लपवली व्हती, आन् ह्यानं माझ्यापायी शिव्या खाल्ल्या. तुमच्यातल्या तिघांना म्याच काढलंय. चौथ्याला माझ्या सासूनं. ज्याला अजून काय बोलायचं आसंल त्यानं आत्ता बोलावं, मोटार सुटंल."

चौथ्यानं उगीच तोंडातलं पान दुसऱ्या गालात घेतलं.

मोटारीत ती बाटली मांडीवर धरून बसली, बाळाची मान सावरावी तसा एक हात बुचाखाली. वेस जवळ आली तेव्हा तिनं डोळे घट्ट मिटले. गाडीनं एक गचका दिला, मागं कुणाची शेळी ओरडली. डोळे उघडले तर वेस मागं राहिलेली होती आणि दोन्हीकडं ज्वारीचं वावर. ती सुकली वगैरे नाही. कुर्डुवाडी येईपर्यंत झोपली मात्र, आणि बाटली हातातून हलली नाही.

पंधरा दिवसांनी उत्तर आलं. कॅन्सर होता. सोलापुरातच पिशवी काढली, दोन्ही अंडाशयांसकट. काढलेलं सगळं बरणीत गेलं; डॉक्टरांनी शिकाऊ पोरांना दाखवायला ठेवून घेऊ का विचारलं, तर ती म्हणाली, "ठेवा. पुरून मी कटाळले." दिवाळीच्या सुमाराला ती परंड्यात परतली, आणखी काडी होऊन.

कार्तिकात शेवटचं लांब पत्र आलं. बाईंनी तिला समोर बसवून ते मराठीत करून वाचलं. "सुरुवात पिशवीच्या अस्तरात. भिंतीत थोडंसंच उतरलेलं. बाकी पोट मोकळं. हे चांगलं आहे." मग पान उलटलं. "उजव्या अंडाशयात जुनी गाठ, आत काकवीसारखं काळपट दाट रक्त. गाठीच्या आतल्या बाजूला पिशवीचंच अस्तर, बऱ्याच वर्षांचं. त्यात एका जागी पेशी बिघडण्याच्या बेतात. पिशवीतला आणि गाठीतला बिघाड एकाच मुळाचा की निरनिराळा, हे नक्की सांगता येत नाही." त्यांनी कागद खाली ठेवला. "घरच्या भिंतीवरची सापडली. शेजारचीही बिघडायच्या तयारीत होती. वेळेवर निघालं म्हणायचं, पण निर्धास्त राहायचं नाही. दर सहा महिन्यांनी यायचं."

"त्ये गाठीचं परत वाचा," शिवगंगा म्हणाली.

बाईंनी वाचलं.

"आजून एकदा."

पुन्हा वाचलं.

"बऱ्याच वर्षांचं म्हंजे किती?"

"तेवढं दुर्बिणीतून कळत नाही."

"मला कळतंय. पंधराव्या वर्षापास्नंचं. लिवून घ्या."

बाईंनी दौतीत टाक बुडवला आणि केसपेपरवर खरंच लिहिलं. शिवगंगेनं शाई वाळेपर्यंत त्याकडं पाहिलं. वाचता येत नव्हतं तरी.

घरी आली तर परसातला खड्डा तसाच उघडा होता. हमिदाबीच्या तांबडीनं त्यात भुसभुशीत मातीचं अंथरूण केलं होतं आणि रोज एक अंडं तिथंच घालायची.

"अक्का, ह्ये बुजव ना गे," हमिदाबी कुंपणावरून म्हणाली. "माझी कोंबडी तुझ्या घरची झालीय."

"ऱ्हाऊ दे." शिवगंगा भिंतीला टेकली, पाय लांब केले. "मला सासूकडं जायचंय उद्या. रुद्रभूमीत. त्या गाठीचं सांगायचंय."

"मेलेली बाई ऐकनार व्हय? झोपलीय ती."

"आमच्यात पुरताना झोपवत न्हाईत, बी. बसवत्यात. बसलीय ती. ऐकंल."

हमिदाबीला ह्यावर काहीतरी झणझणीत बोलायचं होतं, पण वळून पाहिलं तर शिवगंगेचा डोळा लागलेला. तिनं खड्ड्यातलं अंडं उचलून पदरात घेतलं. ऊन कलून शिवगंगेच्या तोंडावर येऊ लागलं होतं. हमिदाबीनं दाराचं मोडकं फळकूट ओढून तिच्या नि उन्हाच्या मधे उभं केलं, आणि आवाज न करता निघून गेली.